शोकाची मुदत : कृष्णाकाठच्या दुखवट्याचा इतिहास

सातारा-सांगलीकडे कुणी गेल्याचा निरोप आला की ऐकणारा आधी एवढेच विचारतो, "माती किती वाजता?" मातीला कुणी जायचे, तिसऱ्या दिवशी सावडायला कुणी, दहाव्याला कुणी आणि तेराव्याला कुणी, हे घरोघरी ठरलेले असते. लांबचा पाहुणा मातीला पोचला नाही तर समजून घेतात. पण जवळचा माणूस सावडायला आला नाही तर त्याचा बोल वर्षानुवर्षे राहतो. सुतक दहा दिवसांचे. चुलीवर गोड काही शिजत नाही, देवपूजा बंद असते. तेराव्याला पाहुणे तोंड गोड करतात आणि घर पुन्हा कामाला लागते. वर्षभर घरात मंगलकार्य होत नाही, पहिला सण साधाच जातो आणि वर्षश्राद्धानंतर तेही बंधन सुटते.

या सगळ्यात एक शहाणपण आहे. दुःख किती करायचे, हे माणसाच्या एकट्याच्या जिवावर न सोडता गावाने त्याला दिवस नेमून दिले. या व्याख्यानाचा विषय दुखवट्याचा पोशाख आणि त्याभोवतीच्या चालीरीती हा आहे, आणि त्यांचा इतिहास पाहताना दोनच प्रश्न सतत विचारायचे आहेत : दुखवटा कुणाच्या अंगावर टाकला गेला आणि तो उतरवण्याची तारीख ठरली होती का?

आधी पुरुषाचा दुखवटा पाहू. अग्नी देणारा कर्ता पंचा किंवा धोतर नेसून, ओल्या अंगाने, अनवाणी आणि उघड्या डोक्याने चालतो. या उघड्या डोक्याचा अर्थ आज चटकन लक्षात येत नाही. ज्या मुलखात पागोटे किंवा फेटा म्हणजेच माणसाची अब्रू, तिथे बोडक्या डोक्याने चारचौघांत उभे राहणे हीच शोकाची सर्वांत मोठी खूण होती. दहाव्याला डोके आणि मिशा भादरल्या जात. मग तेराव्याला मामाकडचे आणि सासुरवाडीचे पाहुणे पागोटे घेऊन येत आणि ते भरल्या बैठकीत कर्त्याच्या डोक्यावर बांधत. बाप गेलेल्या मुलाला घराचा कारभारी म्हणून पुन्हा उभे करण्याचा तो विधी होता. आज पागोट्याच्या जागी टॉवेल आणि पांढरी टोपी आली आहे. कधी कधी एकाच घरी टॉवेल-टोप्यांचा एवढा ढीग जमतो की तो पुढच्या घरच्या तेराव्याला तसाच जातो. काही घरे आता निरोपातच सांगतात की दुखवटा आणू नये. हा खर्च टळावा हे योग्यच. पण डोक्यावर हात ठेवून "आता उठ, कामाला लाग" म्हणणारा मामा त्याबरोबर जाऊ नये.

पुरुषाच्या दुखवट्यात जे काढून घेतले जाते ते परत मिळते. केस वाढतात, टोपी परत येते, पायात वहाण येते. बायको गेलेला नवरा वर्षाच्या आत बोहल्यावर उभा राहिला तरी गावाला त्यात वावगे वाटत नसे.

युरोपातली रीत वेगळी होती. तिथे शोकाचे कपडे वेगळे शिवून घेत. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा नवरा अल्बर्ट डिसेंबर १८६१ मध्ये वारला आणि १९०१ मध्ये स्वतःचे निधन होईपर्यंत तिने काळा पोशाख सोडला नाही. तिच्या देशातल्या मध्यमवर्गीय विधवेने वर्ष-दोन वर्षे काळा क्रेप वापरायचा, मग करडा, मग जांभळट, असे टप्पे ठरलेले होते. त्या काळ्या कापडावर मोठमोठ्या गिरण्या चालल्या. पहिल्या महायुद्धात घराघरांतून तरुण मुले मारली जाऊ लागली, तेव्हा अख्खा देश काळा करणे कुणालाच झेपेना आणि ती चाल मागे पडली.

आपल्याकडे काळ्या रंगाला शोकाचे काम मिळालेच नाही. काळी चंद्रकळा संक्रांतीला सवाष्ण हौसेने नेसते आणि मंगळसूत्राचे मणीही काळेच असतात. शोकासाठी पांढरी साडी नेसून यायची शहरी रीत बरीचशी हिंदी सिनेमाने पसरवली. खेड्यातली बाई मयताच्या घरी अंगावरच्या लुगड्यानिशीच धावते. ब्राह्मण घरातल्या विधवेला मात्र जाडेभरडे आलवण होते, तांबडे किंवा पांढरे, आणि त्या आलवणाखाली वस्तऱ्याने बोडके केलेले डोके. कुणबी, माळी, धनगर अशा कष्टकरी जातींत केशवपन नव्हते आणि पुष्कळ ठिकाणी पाट, म्हणजे विधवेचा पुनर्विवाह, लावायची मुभा होती. पण घर जसे खानदानी म्हणवू लागे तसा पाट बंद होई. प्रतिष्ठा वाढली की तिची किंमत घरातल्या विधवेने द्यायची, हा हिशेब कृष्णाकाठी अनेक पिढ्या चालला.

त्या हिशेबाची सर्वांत जुनी नोंद दगडावर आहे. वाई तालुक्यातले किकली हे वीरगळांचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांचे, गाव म्हणून ओळखले जाते. दोन्ही जिल्ह्यांत गावोगावच्या देवळांबाहेर असे वीरगळ आणि त्यांच्या शेजारी सतीशिळा दिसतात. सतीशिळेवर बहुधा एकच हात कोरलेला असतो : कोपरात वाकवलेला, पंजा उघडा, वर चंद्रसूर्य. त्या हातात बांगड्या भरलेल्या असतात. सती गेलेल्या बाईच्या बांगड्या फुटल्या नाहीत, ती अहेवच गेली, असे तो दगड सांगतो. बांगडी शाबूत ठेवायची असेल तर जळून जायचे आणि जगायचे असेल तर बांगडी फोडून घ्यायची, असे दोनच रस्ते समाजाने तिच्यापुढे ठेवले होते. गावकरी आजही या शिळांना शेंदूर लावतात. तो लावताना त्या हाताची गोष्ट मुलांना पूर्ण सांगितली पाहिजे.

साताऱ्याच्या राजघराण्याने हे दोन्ही रस्ते पाहिले आणि तिसराही पाहिला. छत्रपती शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात वारले. त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या. त्या वेळी गादीच्या वारशाचा वाद पेटला होता आणि सकवारबाई त्या वादातला एक पक्ष होत्या. त्यांच्या सती जाण्यामागे राजकारणाचा दाब होता, असे इतिहासकारांनी लिहिले आहे, आणि घटनांचा क्रम पाहता ते पटते. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात त्या संगम माहुलीला शाहू महाराजांची समाधी आहे. 

याच माहुलीत संभाजी महाराजांच्या राणी येसूबाईंची समाधी आहे. १६८९ मध्ये महाराजांची क्रूर हत्या झाली तेव्हा त्या रायगडावर होत्या. शोक करायला त्यांना उसंत मिळाली नाही. त्यांनी दीर राजारामांना गडाबाहेर पाठवले, गड लढवला आणि पुढे मुलासह मोगलांच्या कैदेत गेल्या. साताऱ्याला परत यायला त्यांना १७१९ साल उजाडले. ताराबाईंचे उदाहरण तर याहून ठसठशीत आहे. त्यांचे पती राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले आणि पुढच्याच महिन्यात अजिंक्यताराही औरंगजेबाच्या हाती गेला. ऐन पंचविशीतल्या या विधवेने कोपऱ्यात बसायचे नाकारले आणि १७०७ पर्यंत मोगली फौजांशी लढाई चालवली. त्यांचा शेवट १७६१ च्या डिसेंबरात साताऱ्यातच झाला. मराठी मुलूख त्यांना भद्रकाली म्हणून वंदन करतो. पण त्याच मुलखात नंतरची दोनशे वर्षे साध्या घरातल्या विधवेने हळदीकुंकवाच्या दिवशी माजघरातून बाहेर यायचे नाही, असा दंडक राहिला. पराक्रमी विधवेचे पोवाडे गायचे आणि घरातल्या विधवेला अपशकुनी मानायचे, यातली विसंगती फारशी कुणाला खुपली नाही, कारण एक गोष्ट इतिहासाची होती आणि दुसरी उंबऱ्याच्या आतली.

ही विसंगती ज्यांना खुपली त्यांतले बरेच जण याच मातीतले. साताऱ्यात जन्मलेल्या विष्णुशास्त्री पंडितांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांचा विधवाविवाहावरचा ग्रंथ मराठीत आणला. १८६५ च्या सुमारास त्यांच्या पुढाकाराने मुंबईत पुनर्विवाहोत्तेजक मंडळ निघाले आणि १८६९ मध्ये त्या मंडळाने उघडपणे एक पुनर्विवाह लावून दाखवला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता. लग्न लागायला तेरा वर्षे गेली. पुढे पंडितांनी स्वतः एका विधवेशी लग्न केले.

कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर १८८८ पासून 'सुधारक' पत्रातून केशवपनावर आणि बालविवाहावर लिहीत राहिले. बायकांनी काय नेसावे, यावरही त्यांनी लिहिले, कारण कपड्याची सक्ती आणि विचाराची सक्ती एकाच मुळातून येतात, हे त्यांना दिसत होते. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ज्या विधीत शेजाऱ्याला आधार द्यायचा, तोच विधी विरोधकाला जाळायला वापरला गेला, हा दुखवट्याच्या इतिहासातला काळा प्रसंग आहे. आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले. दम्याने खंगलेल्या या माणसाने आपल्या अंत्यविधीपुरते पैसे आधीच बाजूला काढून ठेवले होते, असे सांगतात.

फुले दांपत्याचे नातेही याच जिल्ह्याशी आहे. जोतीरावांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर खंडाळा तालुक्यातले नायगाव. केशवपनाविरुद्ध बोलणे एक आणि वस्तरा थांबवणे दुसरे. जोतीराव आणि त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनाच साद घातली. मुंबईत न्हावी मंडळींनी सभा भरवून विधवांचे डोके करायचे नाही असे ठरवले. गिऱ्हाईक तुटेल, धर्म बुडवल्याचा ठपका येईल, हे माहीत असूनही ते उभे राहिले. अन्यायाच्या रूढीला हात लावणारा शेवटचा माणूस बहुधा गरीब कारागीर असतो आणि त्याने नाही म्हटले की ती रूढी अडते. आपल्या सुधारणेच्या इतिहासात या न्हाव्यांना जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. आपला देह मिठात घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. राहत्या जागेत पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. मग दहनाची तयारी झाली आणि टिटवे, म्हणजे प्रेतयात्रेपुढचे अग्नीचे मडके, कुणी धरायचे यावर भाऊबंदांनी वाद काढला, कारण जोतीरावांचा मुलगा यशवंत दत्तक होता. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या. त्यांनी टिटवे हातात घेतले, प्रेतयात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. नायगावच्या या लेकीने त्या दिवशी कर्त्याची जागा घेतली. ज्या घडीला बाईला आत नेऊन बांगड्या फोडायच्या, त्या घडीला ती रस्त्यावर सर्वांच्या पुढे होती. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. आता मुलींनी आईबापांना खांदा दिल्याच्या बातम्या दोन्ही जिल्ह्यांतून येतात. नवऱ्याला अग्नी देणारी बायको मात्र अजून विरळा.

सांगलीने या प्रश्नाला रंगभूमीवर आणले. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगमंचावर आले. पैशासाठी कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधणारा बाप त्यात आहे. प्रेक्षक शारदेसाठी रडले, कारण आठ-दहा वर्षांत तिचे काय होणार, हे प्रत्येकाला आपल्या घरात, निदान शेजारच्या घरात, दिसत होते. बालविधवा ही जरठविवाहाची ठरलेली पुढची पायरी होती. देवलांनी विधवा दाखवलीच नाही. ती होऊ नये म्हणून आधीचा दरवाजा त्यांनी दाखवला. ही निवड फार मोठ्या नाटककाराची आहे.

एकाच नदीच्या काठी शोकाच्या किती तऱ्हा नांदतात, ते सांगली जिल्ह्यात पाहावे. लिंगायत समाजात मृताला बसवून पुरतात, आणि बसवेश्वरांच्या शिकवणीत मृत्यूचे सुतक मानलेलेच नाही. आचारात शेजाऱ्यांचे पाहून पुष्कळ घरांत सुतक शिरले, ही गोष्ट वेगळी. मिरजेच्या मुसलमान घरात विधवेने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. साजशृंगार नाही, विनाकारण घराबाहेर पडणे नाही. पण ते दिवस भरले की बंधन संपते आणि तिला दुसरे लग्न करायची मोकळीक असते. इद्दतीतली बंधनेही बाईवरच आहेत, याकडे डोळेझाक करता येणार नाही. तरीही त्यांना शेवटचा दिवस आहे.

कडेगावचा मोहरम हा तर सार्वजनिक शोकाचा मोठा नमुना. करबलाच्या हौतात्म्याचे दुःख इथे हिंदू-मुसलमान मिळून वाहतात. गगनाला भिडणारे ताबूत खांद्यावर पेलायला दोन्हीकडचे गडी लागतात आणि ताबुतांच्या भेटी पाहायला आसपासचा मुलूख लोटतो. चौदाशे वर्षांपूर्वीच्या मृत्यूचा शोक ठराविक दिवसांत करून लोक पुन्हा पेरणी-कापणीला जातात.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला 'मिलिटरी' हे नाव जोडले गेले ते तिथल्या फौजी घरांमुळे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण मारले गेले. त्यांच्या स्मरणाचा दगड गावात आहे. यांतल्या बहुतेकांचे देह परत आले नाहीत. देह नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा विधी शास्त्राने सांगितला आहे. पण माती नाही, राख नाही, सावडायला काही नाही, अशा घरात सरकारी कागद वाचून बांगडी कधी फोडायची? कागद आलाच नाही तर? फ्रान्स आणि इराकच्या रणांगणांचा इतिहास सैनिकांच्या अंगाने लिहिला गेला. या बायकांच्या वाटेला आलेली ती अधांतरी वर्षे त्यात आली नाहीत.

दागिना उतरवणे अशुभच, असे मानणाऱ्यांनी साताऱ्याचे आणखी एक उदाहरण आठवावे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांना खायला धान्य उरले नाही, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. सगळ्या जातींची पोरे एका पंगतीत जेवावीत म्हणून तो सोन्याचा मणी गेला. त्या मणीविरहित गळ्यापुढे सातारा आजही नतमस्तक होतो.

आता अलीकडे येऊ. शिरोळ तालुक्यातले हेरवाड हे कोल्हापूर जिल्ह्यातले गाव, पण सांगलीच्या शेजारचे. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि पायातली जोडवी काढणे या प्रथा गावात बंद. सुरगोंडा पाटील तेव्हा सरपंच होते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे ते वर्ष होते, आणि याच महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता. या ठरावामागे करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांची मोहीम होती. कोरोनाच्या काळात एका सहकाऱ्याच्या अंत्यविधीवेळी त्याच्या बायकोच्या बांगड्या जबरीने फोडल्या जाताना त्यांनी पाहिल्या आणि आपल्या मागे आपल्या बायकोवर ही वेळ येऊ नये असे स्टॅम्प पेपरवर लिहून दिले. दोनच आठवड्यांत, १७ मे २०२२ रोजी, राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. त्यानंतर राज्यभर अनेक गावांनी असे ठराव केले.

ठरावाला दंडाची ताकद नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. ठराव चावडीवर होतो आणि बांगडी अंगणात फुटते. ती फोडणारे हात बहुधा थोरल्या जावेचे, नणंदेचे, चुलतसासूचे असतात, आणि त्यांतल्या अनेकींनी हे स्वतःच्या अंगावर सोसलेले असते. त्यांना दोष देऊन भागणार नाही. आपण हे केले नाही तर गेलेल्या माणसाचा अपमान होईल, ही भीती त्यांच्या मनात खरी असते. म्हणून ज्या गावात हा बदल टिकायचा आहे, तिथे एका तरी वयस्क विधवेने त्या घडीला पुढे येऊन "हिच्या हाताला हात लावू नका" म्हणावे लागते. तिचा शब्द अंगणात चालतो. परिपत्रकाचा चालत नाही.

बांगड्या ठेवायच्या की नाहीत, हा शेवटी त्या बाईचा निर्णय. कुणी आपल्या इच्छेने सगळे उतरवून ठेवील, कारण दुःखाला काही तरी खूण हवीशी वाटते, आणि तिला तसे करू दिले पाहिजे. सक्तीने काढणे जेवढे चूक, तेवढेच सुधारकी उत्साहात सक्तीने कुंकू लावणेही चूक.

दुखवट्याच्या चाली बदलत आहेत, हे या दोन जिल्ह्यांत डोळ्यांना दिसते. रक्षा नदीत न सोडता शेतात खड्डे काढून, ती त्यात टाकून वर आंब्या-नारळाचे रोप लावणारी कुटुंबे वाढली आहेत. कृष्णेच्या पाण्यासाठी ते चांगले आणि घरासाठीही. मयताचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात, त्यावर भावपूर्ण श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो गेलेल्या माणसाच्या फोटोएवढेच मोठे असतात. तो पैसा त्या घरातल्या मुलांच्या फीकडे वळावा.

एक गोष्ट मात्र तेराव्याच्या बैठकीत अजून फारशी निघत नाही : विधवेचा मिळकतीवरचा हक्क. १८५६ च्या कायद्याने पुनर्विवाहाची वाट मोकळी केली, पण लग्न करणाऱ्या विधवेला पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडायला लावले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गातली वारस केले. जमीन महसूल कायद्याप्रमाणे मिळकतीवर हक्क आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते. हे तीन महिने नेमके दुखवट्याचे असतात. बाई कोपऱ्यात बसलेली असते आणि सातबाऱ्यावर कुणाची नावे लागायची ते बाहेरच्या सोप्यात ठरते. तेराव्याला माहेरचा भाऊ लुगडे घेऊन येतो. त्याने त्याच दिवशी बहिणीला शेजारी बसवून, मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड आणि सातबारा समोर ठेवून वारस नोंदीचा अर्ज भरावा आणि तिच्या सहीनिशी तो तलाठ्याकडे देऊन पोच घ्यावी.